ओंडक्यांच्या घरातली दिव्यांची अवस

"यतिनला त्या दिवशी फक्त जॅक उतरवायचे होते. बाकी काही नाही. संध्याकाळी ऑफिसमधून निघाला, शिवांगीला शाळेतून घेतलं, डबा आणि पाना गाडीत टाकला आणि ब्रेडवूडच्या रस्त्याला लागला."

एवढं बोलून शिरीषकाकांनी शेगडीत एक लाकूड सरकवलं. गुंगालिनमधल्या त्यांच्या घराच्या मागच्या डेकवर ती दोघं शाली गुंडाळून बसली होती, शेजारची निहारिका आणि तिचा धाकटा भाऊ रुद्र. आईबाबा एका लग्नाला सिडनीला गेले होते, म्हणून दोघांचं जेवण काकांकडे. थोड्या वेळापूर्वी रुद्रने फोनवर एक लाकडी घर दाखवलं होतं. आख्ख्या ओंडक्यांचं, डोंगरात एकटंच. स्नोच्या ट्रिपला मित्रांबरोबर तेच भाड्याने घ्यायचं चाललं होतं. काकांनी फोटो पाहिला, फोन परत दिला, आणि हे सुरू केलं.

"जॅक म्हणजे? कारचा असतो तो?" रुद्रने विचारलं.

"तसलाच. पण खांबाखालचा. सांगतो. आधी ऐक, मग ते घर घ्यायचं की नाही ते ठरव."

"काका, तिला घाबरवू नका हं."

"मला? तूच अजून लाइट लावून झोपतोस, mate," निहारिका म्हणाली.

चित्रलेखाकाकू कोपऱ्यातल्या खुर्चीत मँडरिन सोलत होत्या. त्या हसल्या नाहीत. रुद्रच्या ते लक्षात आलं नाही, निहारिकाच्या आलं.

"यतिन माझ्याच टीममध्ये होता," काका म्हणाले. "पाच-सहा वर्षं एकत्र काढली आम्ही. त्याने मला जसं सांगितलं तसं सांगतो. माझ्या पदरचं काही नाही."

मग त्यांनी सावकाश सांगायला घेतलं.

यतिन मूळचा साताऱ्याचा. इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. बायको मयूरा हॉस्पिटलात नर्स. त्याला एकच वेड होतं, स्वतःच्या हाताने घर बांधायचं, आणि तेही ओंडक्यांचं. ब्रेडवूडच्या पुढे, मातीच्या रस्त्याने आत, त्याने झाडीतली जागा घेतली. तो नकाशे काढायचा, पुसायचा, परत काढायचा. ऑफिसात जेवायच्या सुट्टीतसुद्धा कागदावर कोपऱ्याच्या खाचा काढत बसायचा. एक ओंडका दुसऱ्यावर कसा बसवायचा, पाणी खाचेत थांबणार नाही म्हणून खाच वरून का करायची नाही, खालून का करायची, हे तो कुणालाही धरून समजावायचा. आम्ही त्याला सुतारशेठ म्हणायचो.

दर रविवारी तो फोन हातात धरून ती सगळी जागा आईला फिरवून दाखवायचा. आई एकटी असायची. वडील पूर्वीच गेलेले. तिला हे ओंडके काही पटले नव्हते.

"अरे, घर बांधतोयस का गोठा?" ती म्हणायची. "वाळवी लागेल."

"आई, सायप्रसचं लाकूड आहे. त्याला वाळवी तोंड लावत नाही."

"तुमच्याकडची वाळवी शहाणी दिसते."

पण प्रत्येक वेळी शेवटी एकच बोलायची. शिवांगीचा जन्म दोन हजार वीसचा. सगळं बंद झालं त्या वर्षीचा. आजीने नातीला फक्त फोनवर पाहिलेलं. ती म्हणायची, "घर झालं की येते बघ. शिवूला एकदा मांडीवर घेतलं की मी मोकळी."

ती आली नाही. दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात आजारी पडली. तुम्हाला नीट आठवत नसेल, तुम्ही लहान होतात. तेव्हा इथून कुणाला जाऊ देत नव्हते आणि तिथून कुणाला येऊ देत नव्हते. यतिनने सगळे उपाय केले. शेवटी फोनच उरला. तिथल्या नर्सने आईसमोर फोन धरला होता. आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोललेलं कळत नव्हतं. मग तिने स्वतःच मास्क जरासा बाजूला केला. म्हणाली, "बरं... येऊ का रे?"

आणि यतिन म्हणाला, "ये आई."

तेच शेवटचं.

शेगडीत काहीतरी फुटलं. रुद्रने पाय वर घेतले.

"येऊ का म्हणजे can I come, ना?" त्याने हळूच विचारलं. "मग ती इथे यायचं म्हणत होती?"

"नाही रे. म्हणजे... हो पण." काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात. जाणारा माणूस विचारतो, येऊ का? आपण म्हणतो, ये. म्हणजे जा, पण परत ये. 'जा' असं तोंडाने कुणी म्हणत नाही. जवळच्या माणसाला तर नाहीच."

"So coming and going, same word?"

"शब्द तोच. माणूस दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे, त्यावरून समजायचं."

काका पुढे सांगू लागले.

आई गेल्यावर यतिनने घराचं काम जोरात घेतलं. दर शनिवार-रविवार तिकडेच. ओंडके आले, सोलले, खाचा पाडल्या, क्रेनने एकेक चढवला. मीही दोनदा जाऊन आलो. दोन ओंडक्यांच्या मधे तो मेंढीची लोकर भरायचा, वारा आत येऊ नये म्हणून. दर उन्हाळ्यात बाहेरून तेल द्यायचा. माणसाला अभ्यंग घालतात तसं, हाताने चोळून.

आता जॅकचं ऐक. ओंडक्यांचं घर बसतं. पडत नाही, बसतं. लाकूड वाळलं की जाडीला आकसतं, म्हणून आडव्या ओंडक्यांची आख्खी भिंत हळूहळू खाली येते. पण मधे छताला टेकू दिलेले उभे खांब असतात, ते उंचीला आकसत नाहीत. भिंती खाली आल्या आणि खांब तिथेच राहिले तर छत खांबांवर लटकतं, भिंतीत फटी पडतात. म्हणून प्रत्येक खांबाच्या बुडाशी जॅक ठेवतात. अधूनमधून पाना लावून थोडा थोडा उतरवायचा. खांब उतरला की छत खाली येतं, आणि वरचा भार भिंतींवर नीट टेकतो. त्या वेळी घर आवाज करतं. मोठा. पहिल्यांदा ऐकलं तर माणूस पळून बाहेर येईल.

शुक्रवारी सकाळी कौन्सिलचा माणूस शेवटची पाहणी करायला येणार होता. त्याने हो म्हटलं की घरात राहायला मोकळे. मयूराची नाइट होती, म्हणून यतिनने शिवांगीला बरोबर घेतलं. पाच वर्षांची पोर. गेल्या वर्षीची गोष्ट. चोवीस जुलै, गुरुवार. दिव्यांची अवस होती. मयूराने हॉस्पिटलात शिरताना, तो वाटेत असतानाच, त्याला फोन केला होता. "आज अवस आहे. तिथे उंबऱ्यात एक दिवा लाव हं, विसरू नको."

समई कुठली असायला? त्याने स्टीलच्या वाटीत मेणबत्ती लावली, आणि दाराच्या आत, उंबऱ्याशी ठेवली. दाराला कडी घातली. ती कडी त्याने स्वतः घातली, हे त्याला पक्कं आठवतं. शेगडी पेटवली, पोरीला खिचडी भरवली, आतल्या खोलीत रजई घालून झोपवलं. तिथे फोनला रेंज नाही. शेजारी म्हणजे दोन टेकड्या पलीकडे. इकडचा हिवाळा, बाहेर उणे तीन-चार असेल. वारा अजिबात नाही. चंद्र नाही.

तो कामाला लागला.

खांब चार. पहिल्याच्या बुडाची फळी काढली, पाना लावला, थोडा फिरवला. घर कण्हलं. त्याने आत जाऊन पाहिलं. शिवू झोपलेली. दुसरा खांब. परत तोच आवाज, या वेळी छतातून. परत जाऊन पाहिलं. झोपलेली.

तिसऱ्या खांबाशी गुडघ्यावर बसला. पुढे खांब. डावीकडे पोरीची खोली. पाठीमागे बाहेरचं दार. फळीचे दोन स्क्रू दातांत धरलेले. पाना अडकला होता, तो जोर लावत होता.

पाठीमागून आवाज आला.

"येऊ का रे आम्ही?"

आणि हा, कामात असलेला माणूस जसं बोलतो तसं, मागे न बघता, दातांतल्या स्क्रूंमधून बोलला.

"हं... ये."

पाना सुटला. त्याने तो परत लावला. अर्धा फेरा फिरवला.

आणि थांबला.

आवाज ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की नवल वाटायलाच वेळ लागला.

स्क्रू तोंडातून खाली पडले. एक घरंगळत कुठेतरी गेला. तो वळेना. मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि तरी, मला सांगताना तो म्हणाला, काका, मला बरं वाटत होतं. चार वर्षांनी तो आवाज ऐकला होता. डोळे भरून आले होते.

"आई?" तो म्हणाला.

...

शेवटी वळला. दार उघडं होतं. कडी बाजूला. कुणी नव्हतं. वाटीतली ज्योत सरळ उभी होती, जरासुद्धा हलत नव्हती. बाहेरची थंडी जमिनीवरून आत येत होती.

त्याला वाटलं, आली. घर बघायला आली. म्हणायची तशी. येऊ का विचारलं, आपण ये म्हटलं, आणि ती आत आली.

त्याने सगळीकडे पाहिलं. शेगडीजवळ. जिन्याखाली. कोपऱ्यात.

"आई, आलीस का?"

काही नाही.

मग त्याला एक शब्द आठवला. आत्ताच ऐकलेला.

आम्ही.

ती म्हणाली होती, येऊ का रे... आम्ही.

एकटं माणूस आम्ही म्हणत नाही.

"Oh no," निहारिका म्हणाली. तिने तोंडावर हात ठेवला.

काकांनी मान हलवली. "ती आत येत नव्हती. निघाली होती. आणि त्याने ये म्हटलं होतं."

तो खोलीकडे धावला. अंथरूण रिकामं होतं. रजईची घडी घातलेली. चार टोकं जुळवून, उशीच्या मधोमध ठेवलेली. पाच वर्षांचं मूल घालतं तशी नाही... मोठ्या बाईने घातलेली. आणि वर शिवूचे मोजे. एकात एक घालून गुंडाळलेले.

तो तसाच बाहेर पळाला. पायात काही नाही. जमीन पांढरी होती. हिम पडलेलं. चांदण्यांचा उजेड तेवढा. पुढे काळी झाडं.

"शिवू!"

"Daddy, shh."

अगदी जवळून आवाज. तो खाली बघतो तर ती पायरीवर बसलेली. व्हरांड्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर. त्याच्याकडे पाठ. अंगावर नुसता पायजमा. अनवाणी पाय गवतावर. मागे, वरच्या पायरीवर, जागा रिकामी.

तिची मान किंचित मागे ताठ होती. आणि मधूनच डोकं मागे जायचं. हलकेच. एक झटका. मग थांबायचं. मग परत... एक झटका.

कुणीतरी मागून ओढावं तसं.

"शिवू, इकडे ये."

"I can't. हलू नको म्हणाली."

"कोण?"

"आजी."

झटका.

"शिवू... ऊठ. आत चल. थंडी आहे."

"आजी and I are going." तिचा आवाज झोपेतला. "आजीच्या घरी. झालं की."

"काय झालं की?"

परत डोकं मागे गेलं.

"काय झालं की, शिवू?"

"थोडंच राहिलंय," ती म्हणाली. आणि ते तिचं बोलणं नव्हतं. तिला तेवढं नीट मराठी येत नाही.

यतिन पायऱ्या उतरला. त्या रिकाम्या पायरीवर पाय ठेवायला त्याचा धीर होईना, तो बाजूने उडी मारून खाली गेला. समोर उभा राहिला. तिला दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं.

उचलता येईना.

अठरा किलोची पोर. ओंडके उचलणारा माणूस. ती जागची हलली नाही. अंग बर्फासारखं. आणि ती ओरडली. "Ow! Daddy, don't pull! दुखतंय!"

त्याने सोडलं.

मागे घरात आवाज झाला. तिसरा जॅक अर्धवट सुटलेला, चौथ्याला हात लागलेला नाही. छताचा भार एकीकडे चालला होता. लाकूड कडाडलं. व्हरांड्याचा पत्रा थरथरला. शिवूने मान वळवली नाही. तिचं डोकं आता भराभर मागे जात होतं. झटका. झटका. कुणाला तरी घाई झाली होती.

तो गुडघ्यावर बसला. त्या रिकाम्या पायरीकडे बघत हात जोडले.

"आई, आत ये ना. घर बघ. मी बांधलंय."

झटका.

"आई, बस ना इथे. तिला राहू दे. तू बस."

झटका. झटका.

"आई, तुला यायचं होतं ना... ये. आत ये."

आणि तो शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याला कळलं. आपण परत ये म्हणतोय. तेव्हाही ये म्हणालो. मघाशी ये म्हणालो. ती प्रत्येक वेळी विचारते आणि आपण प्रत्येक वेळी ये म्हणतो. म्हणून ती आली. म्हणून ती निघत नाही. तिला कुणी मोकळं केलंच नाही.

दुसरा एक शब्द होता. एकच.

तो त्याच्या तोंडातून निघेना. चार वर्षं ज्या माणसासाठी रडला, त्या माणसाला ते म्हणायचं. स्वतःच्या दारात. तिने पहिल्यांदाच पाहिलेल्या घरातून.

शिवूचे डोळे मिटत आले होते. ओठ निळे.

"थोडंच..." ती म्हणाली.

"आई," यतिन म्हणाला. "जा."

...

झटका थांबला. शिवूची मान मागे तशीच ताठ. कुणीतरी अजून धरून होतं.

"आई, तू जा. एकटी जा." तो आता मोठ्याने रडत होता. "शिवू येणार नाही. तू जा. परत येऊ नको. जा."

काही नाही.

काही नाही.

मग वरच्या पायरीचं लाकूड वाजलं. कुणी उठून उभं राहिल्यावर वाजतं तेवढंच.

उंबऱ्यातली मेणबत्ती विझली.

शिवूचं डोकं एकदम पुढे पडलं. त्याने ते छातीवर झेललं. आता ती उचलता आली. नेहमीसारखीच हलकी.

शिरीषकाका थांबले. पाणी प्यायले. लांब कुठेतरी ट्रॅमची घंटा वाजली आणि निहारिका दचकली.

"मग?" रुद्र म्हणाला.

मग काय? त्याने तिला रजईत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. शेगडीसमोर मांडीवर घेऊन बसला. दार लावलं, कडी घातली, आणि कडीवरून नजर काढली नाही. ती गाढ झोपली होती, श्वास नीट होता, तेवढ्यावर त्याने रात्र काढली. घर मधे मधे कण्हत होतं. उजाडल्यावर तिला रजईसकट उचललं, लोकरीची टोपी कानापर्यंत ओढली, गाडीत सीटला बांधलं, हीटर लावून दिला. आणि परत आत गेला.

"आत गेला?" निहारिका ओरडली.

"जायलाच हवं होतं. अर्धवट जॅक तसा ठेवला असता तर छत वाकडं झालं असतं. उरलेला तिसरा आणि चौथा उतरवला त्याने. कौन्सिलचा माणूस आला, फिरून बघितलं, ओंडक्यांवर हात फिरवला, म्हणाला, lovely job, mate. संपलं. ते आता तिथेच राहतात. तेल देतात, लोकर बदलतात. काही होत नाही तिथे. एकदाही झालं नाही."

"मग तो झोपेत असेल," रुद्र घाईघाईने म्हणाला. "I mean, थकलेला होता, आईची आठवण येत होती. And kids sleepwalk. Heaps of kids sleepwalk."

"परतीच्या वाटेत रेंज आल्यावर त्याने मला फोन केला, तेव्हा मीही तेच म्हटलं त्याला. मीच म्हटलं. पोर झोपेत चालली असेल, कडी तिने काढली असेल. त्यालाही ते पटायला आलं होतं. घरी जाऊन मयूराला काही सांगायचं नाही असं ठरवलं त्याने." काकांनी शेगडीकडे पाहिलं. "पण घरी गेल्यावर मयूराने पोरीची टोपी काढली."

त्यांनी बायकोकडे पाहिलं.

चित्रलेखाकाकूंनी सोललेलं मँडरिन बशीत ठेवलं. हात पुसले. त्या संध्याकाळी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"मयूरा तिला घेऊन माझ्याकडे आली. इथेच. निहारिका, तू बसलीयस ना, त्याच खुर्चीत बसवलं होतं शिवूला. मला म्हणाली, काकू, हे बघा, हे कुणाचं काम आहे? मला फार तर पोनीटेल बांधता येते. आणि यतिनला तेही नाही."

निहारिका खुर्चीतून उठली आणि भावाजवळ जाऊन बसली.

"वेणी होती," काकू म्हणाल्या. "पाचपेडी. आता कुणाला येत नाही ती. मलाही नाही येत. माझ्या आजीच्या वेळच्या बायका घालायच्या, तेल लावून, मागे बसून, मान ताठ धरायला लावून. डोक्यापासून निघालेली, मानेपर्यंत. इतकी घट्ट की एक केस बाहेर नाही."

"आणि?" रुद्रने विचारलं.

"आणि तिथे थांबलेली. अर्धीच. खाली सगळे केस मोकळे." काकूंनी हवेत दोन बोटं जुळवली, जणू त्यांच्यात अजून काहीतरी धरलेलं होतं. "रबर नाही, रिबीन नाही, गाठसुद्धा नाही. तरी सुटत नव्हती. कुणीतरी मधेच हात काढून घ्यावेत ना... तशी."